शिदोरी

आमच्या विभागातला एक तरुण प्राध्यापक नोकरी सोडून निघाला. आदल्या रात्री त्याने महाविद्यालयाच्या ईमेलवरून स्वतःच्या खाजगी ईमेलवर टिपणे धाडली आणि विद्यार्थ्यांची फोन नंबरांसह यादीही! प्राचार्य खवळले. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम त्यांनी वाचूनच दाखवले. विनापरवाना नक्कल केली की भरपाई.

मी म्हटले, "आधी त्याला विचारू तर खरे!"

तो ओशाळला. "सर, टिपणांसाठी रात्री जागलोय हो."

खरे होते. टिपणांना प्राचार्यांनी लेखी संमती दिली. यादी मात्र मुलांची. ती त्याने माझ्यासमोर पुसली, तसे लिहूनही दिले.

रात्री सहज माझा ईमेल चाळला. माझ्या जुन्या महाविद्यालयातली यादी तिथे सुखाने नांदत होती!

शिदोरीबरोबर दुसऱ्याचे भांडे कधी येते, कळतही नाही. मुकाट्याने पुसली.