हरवलेला हकार

राऊटर हा साहित्याच्या अभ्यासकांनी लिहावा असा विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु बुलढाण्यातील आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयासाठी तो निवडण्याची वेळ आली, ती एका चुकलेल्या पाठामुळे. म्हणून हा लेखनप्रपंच.

जिल्ह्यातील जात्यावरच्या ओव्या संकलित करण्याचे काम आम्ही काही सहकारी करीत आहोत. गावी जाऊन ओव्या ऐकायच्या आणि पुढच्या शंका दूरध्वनीवर विचारायच्या, असा क्रम. त्यासाठी तीन इंटरनेट फोन घेतले. मेहकरकडच्या एका आजींशी बोलताना ‘माहेर’ऐवजी ‘माएर’ असे ऐकू आले. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तसाच हा हकारलोप असावा, असे मानून आम्ही तशी नोंद केली. पुढच्या भेटीत ती वाचून दाखवताच आजी म्हणाल्या, ‘‘म्या तं माहेरच म्हनलं, सर!’’

शोध घेता उलगडा झाला. इंटरनेट फोन आवाजाचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि सेकंदाला ५० या हिशेबाने ते धाडतो. पत्र उशिरा आले तरी वाचता येते. उशिरा आलेला ध्वनी मात्र टाकूनच द्यावा लागतो. ती पोकळी ऐकणाऱ्याकडील यंत्र पुष्कळदा मागच्याच ध्वनीने बुजवते. ‘मा’मधल्या आकाराने पुढचा हकार गिळला असावा, तो असा. त्या वेळी शेजारच्या खोलीत जुन्या मासिकांच्या स्कॅन प्रती उतरवून घेणे चालू होते, हेही मग आठवले. वाळवीने खाल्लेली अक्षरे लेखनिकाने स्वमतीने भरावीत, त्यातलाच हा प्रकार. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशाच शिरलेल्या अपपाठांमुळे. आमचा लेखनिक यंत्र होता, एवढाच फरक.

दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने अँटेना मोजून दाखवल्या आणि वेगाचे आकडे सांगितले. वस्तुतः रूढ पद्धतीने एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला १०० किलोबिटही लागत नाहीत. तीन फोनांना ३०० पुरेत. तेव्हा प्रश्न वेगाचा नव्हता, रांगेचा होता. आम्हांला हवा होता तो आवाजाच्या तुकड्यांना आधी वाट देणारा राऊटर. या सोयीला क्यूओएस म्हणतात. शिवाय जोडणीच्या प्रत्यक्ष वेगाहून किंचित कमी मर्यादा दोन्ही दिशांना घालता यावी, म्हणजे रांग सेवादात्याच्या दारी न लागता आपल्या दारी लागते आणि तिचा क्रम आपण ठरवू शकतो. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक या रांगेवरच अवलंबून असतो.

दुसरी अट एसआयपी एएलजी ही सोय बंद करता येण्याची. संभाषण जुळवणाऱ्या संदेशांतील पत्ते ती मदतीच्या हेतूने बदलते आणि कित्येकदा एकाच बाजूचा आवाज पोचतो. अतिउत्साही संपादकाची आठवण व्हावी, असा हा गुण! फोन वायफायवर न ठेवता तारेने जोडले. वीज गेली की हे फोन मुके होतात, म्हणून राऊटर, मोडेम आणि फोन यांना यूपीएसचा आधार दिला.

राऊटर साधाच घेतला. आता शेजारी काहीही उतरवून घेणे चालू असले तरी बोलणे तुटत नाही. तथापि, आजींच्या मोबाइलपासून आमच्या दारापर्यंतची वाट आमच्या हाती नाही, हे विसरून चालणार नाही. दूरध्वनीवरून टिपलेल्या आणखी अकरा नोंदी वहीत आहेत. बोलीची वैशिष्ट्ये म्हणून आम्ही त्या अभिमानाने लिहिल्या होत्या. त्यांपुढे आता ‘दूरध्वनीवरून’ अशी खूण केली आहे. त्या त्या बाईसमोर बसून शब्द पुन्हा ऐकेपर्यंत ती खोडायची नाही, असे ठरले आहे. आजींचा हकार तेवढा परत दिला.