मुंजा आणि मानवत

'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली ऑक्टोबर 2024 मध्ये. मी पाहिली बऱ्याच उशिरा, नातवाने टीव्हीवर लावून दिली तेव्हा. आठ भाग तीन रात्रींत संपवले. (डोळ्यांच्या डॉक्टरांना कळू देऊ नका!)

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 ते 1974 या काळात मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. वर दुष्काळ. मी तेव्हा धुळ्याला बी.ए. करत होते. पेपरात बातम्या येऊ लागल्या तशी आई मला दिवेलागणीच्या आत घरात घ्यायची. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले. रामन राघवचा छडा लावणारे तेच. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावर मालिका बेतली आहे. त्यांचं काम आशुतोष गोवारीकरांनी केलंय, आणि शांतपणे केलंय.

कारण काय निघालं, तर पिंपळाखालचं गुप्तधन. त्याची राखण करणाऱ्या मुंजाला म्हणे कुमारिकेचं रक्त हवं!

आता हा मुंजा आम्हा खानदेशातल्या लोकांना काही नवा नाही. "पिंपयखाले जाऊ नको वं," हे ऐकतच आम्ही वाढलो. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा तो. म्हणजे खरं तर बिचारं पोरच. आमच्या आजीच्या गोष्टीतला मुंजा खडे मारायचा, वाटसरूला चकवायचा, एखादा नारळ मिळाला की गप्प बसायचा. रशियाकडच्या लोककथांत रुसाल्का असते, पाण्यात राहणारी. तीही बहुतेक लग्नाआधीच गेलेली, बुडालेली मुलगी. अपुऱ्या राहिलेल्या पोरांची हळहळ माणसांनी दोन्हीकडे झाडा-पाण्यात नेऊन ठेवली. रक्ताची मागणी त्यात कोणी घातली असेल? मला वाटतं, ज्याला हंडा हवा होता त्याने.

परदेशी रहस्यमालिकांत भूत खरं की खोटं, हे शेवटपर्यंत झुलवत ठेवतात. मानवतला ते कोडं नव्हतंच. भूत नसलं तरी चाकू खरा होता. 'अडाणी लोक, जुना काळ' म्हणून मोकळं होऊ नये. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला 2013 साल उजाडलं, तेही दाभोलकरांचा खून झाल्यावर. आणि आमच्या सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण केल्याच्या बातम्या मी निवृत्तीनंतरही वाचल्यात.

मालिका चांगली आहे. सोनाली कुलकर्णीची रुक्मिणी डोळ्यांपुढून हलत नाही. पण एक खटकलं. पोलीस कळतात, आरोपी कळतात, त्या मुली मात्र कळत नाहीत. दहाच्या आसपास वयाच्या होत्या काही. म्हणजे चौथी-पाचवीतल्या, शाळेत जात असतील तर. मास्तरांनी सकाळी हजेरी घेताना नाव पुकारलं असेल, कुणी 'हजर' म्हटलं नसेल. त्यांना वाटलं असेल, दुष्काळी कामावर गेली असेल आईबरोबर.