शिर्डीच्या वाटेवर येवला

दादरच्या दुकानात पैठणी घेताना पदरावरचे मोर दिसतात, विणणारीचे हात दिसत नाहीत. मनमाडला उतरून शिर्डीला जाताना येवला लागतं; तिथं तासभर थांबाच. घराघरांतून हातमाग आहेत. कांड्या भरायचं काम बहुधा बायकांचं, कित्येकजणी मागावरही बसतात. भरगच्च पदराला महिनेच्या महिने लागतात. कांड्यांची मजुरी मात्र वेगळी कोण धरतो?

पदर उलटून पाहा. हातमागाचा दोन्हीकडून जवळजवळ सारखाच. यंत्रमागाच्या नकलेला मागे सुटे धागे. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण विणणाऱ्या घरातूनच घेतलीत तर पैसा थेट त्या घरात जाईल. आणि घासाघीस? ती बाई दादरच्या भाजीबाजारातच ठेवून या!