चाल उचलणारे

सहा, सहा, सहा आणि चार. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ही एवढी अक्षरं, कधी एखादं कमी-जास्त. चाल लावणाऱ्याचा कस लागतो तो शेवटच्या चारांत. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सहा अक्षरं सहज बसतात, एखाददुसरं लांबवलं की झालं. चार अक्षरं मात्र एकतर ओढावी लागतात, नाहीतर लवकर संपवून उरलेली जागा टाळांना सोडावी लागते. मी जागा सोडतो. तेवढ्यात गाणारा श्वास घेतो, पखवाजाला हात दाखवायला वाव मिळतो आणि मागचे टाळकरी धृपदासाठी सावध होतात.

जुन्नर-आंबेगावात बहुतेक भजनी मंडळांत असा एखादा चाली लावणारा असतोच. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक. आमची गाठ पडते हरिनाम सप्ताहात. रात्रीचं कीर्तन आटोपलं की जागराला शेजारच्या गावांची मंडळं येतात. नवी चाल मांडावी ती तिथे, कारण समोर टाळ घेऊन उभे असलेल्यांत स्वतः चाली लावणारेही असतात. गाताना कुणी वाईट म्हणत नाही, पण धृपद दुसऱ्यांदा फिरेपर्यंत कळतं. चाल बसली असेल तर टाळकरी ती न सांगता उचलतात. नसेल तर आवाज विरळ होतो आणि सगळे पेटीकडे पाहू लागतात.

खरं बोलणं चहाच्या वेळी. ओतूरकडचे एक वयस्कर पखवाजवादक नव्या पोरांना नेहमी एकच सांगतात, “बाळा, यमक कानावर पडू दे.” दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, म्हणून दोन्ही चरण जवळपास एकाच सुरावर टेकले पाहिजेत. तिसऱ्याला हौसेनं तार सप्तकात गेलं की सूर दिसतो, तुकोबांचा शब्द हरवतो. चालीबद्दल याहून उपयोगी सूचना मी ऐकलेली नाही. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरलाच आहे असं मानतात, त्यामुळे त्या गावात तुकोबांचा अभंग नव्या चालीत म्हणताना छाती जास्त धडधडते.

सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणारी मंडळं वाढली आहेत. लोक लगेच साथ देतात हे खरं, पण ती चाल दुसऱ्याच शब्दांच्या मापाची असते आणि अभंगाचा शब्द नको तिथे तुटतो. मला ते सहन होत नाही. राम फाटक, श्रीनिवास खळे या संगीतकारांच्या चाली अक्षराला जपतात, मात्र त्या एका तयार गळ्यासाठी बांधलेल्या. जागराला लागते शंभर जणांना झेपणारी ओळ.

गौळणीची गोष्ट वेगळी. ती भजनातही आहे आणि तमाशातही, गणानंतर. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं नारायणगाव आमच्याच जुन्नर तालुक्यातलं. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींचा सन्मान मिळवलेल्या या बाईंच्या गावात चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी फडांच्या राहुट्या लागतात. पावसाळ्यात फड बंद असले की ढोलकीवाले घरी असतात. त्यांच्यापैकी कुणी भजनाला बसला तर गौळणीच्या चालीतला प्रत्येक सैल सांधा त्याच्या हाताला लागतो.

हल्ली चाल फोनवर टाकली की मिनिटभरात ‘छान माऊली’ येतं. त्यातलं प्रेम मला मोलाचं आहे, पण ते ऐकणाऱ्याचं असतं. गाऊन बघणाऱ्याचं वेगळं. भीमपलासातली माझी एक चाल अशीच फोनवरून घोडेगावकडच्या एका महिला मंडळाकडे गेली. मी धृपद पंचमावर सोडत होतो, म्हणजे लोकांना ते अधांतरी वाटावं आणि त्यांनी लगेच उचलावं. त्या बायांनी ते षड्जापर्यंत उतरवलं. “दादा, आमच्यातल्या म्हाताऱ्यांना टेकायला जागा नको का?” असं त्यांच्या पेटीवाल्या ताईंनी विचारलं. गाऊन पाहिलं तर पुढचा चरण खालून सुरू होतो आणि जास्त खुलतो. आमच्या पखवाजवाल्याला हे पटलेलं नाही, त्याच्या मते ठेक्यातली ओढ गेली. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत दोन्ही तऱ्हांनी म्हणायचं ठरलं आहे, आधी त्यांच्या, मग आमच्या.