पाहुण्याचा गोल

आपल्या शाळेच्या वार्षिक अंकासाठीं माजी विद्यार्थ्यांनींही चार शब्द लिहावेत अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां विषयाचा मला फारसा शोध घ्यावा लागला नाहीं. शाळेंत असतांना आम्हीं जिंकलेल्या एका फुटबॉल-सामन्याची आठवण पुष्कळ वर्षें माझ्या मनांत सलत आहे. जिंकलेला सामना सलावा याचें बालवाचकांस नवल वाटेल. म्हणून तो प्रसंगच प्रथम सांगतों.

सन २००३ चें तें वर्ष. मी नववींत होतों. हिंगोलीस कयाधू नदीच्या अंगास एक उघडें माळरान होतें, तेंच आमचें मैदान. त्यावर दोन आळ्यांचे दोन संघ खेळत. एक आमच्या आळीचा व दुसरा नदीकडच्या आळीचा. पावसाळा सरला म्हणजे दोन्ही संघांचे गडी मिळून दगड वेंचीत, बाभळीचे कांटे काढीत व खड्डे बुजवीत. सामन्याच्या दिवशीं मात्र हेच गडी एकमेकांचें तोंडही पाहत नसत. नदीकडच्या संघाचा नायक माझा मामेभाऊ होता. माझ्या आईचें माहेर त्या आळींत व सासर या आळींत. त्यामुळें सामन्याच्या दिवशीं ती बिचारी कोणाचाच पक्ष घेत नसे.

त्या वर्षीं मे महिन्यांत वर्तमानपत्रांत इटलींतील एका चुरशीची हकीकत माझ्या वाचनांत आली. मिलान शहरीं एसी मिलान व इंटर असे दोन नामांकित संघ आहेत. त्यांचें वैर पिढीजाद, परंतु मैदान एकच, सान सिरो. हें क्रीडांगण १९२६ सालीं मिलान संघासाठीं उघडण्यांत आलें, व १९४७ पासून इंटरही तेथेंच खेळूं लागला. २००३ सालीं युरोपांतील श्रेष्ठ संघांच्या स्पर्धेंत, उपांत्य फेरींत, हे दोघे समोरासमोर आले. या फेरींत दोन सामने होतात, एक एकाच्या घरीं व एक दुसऱ्याच्या घरीं. ७ मे रोजीं मिलान यजमान होता. सामना ०-० असा सुटला. १३ मे रोजीं इंटर यजमान होता. मिलानच्या शेव्हचेन्कोनें मध्यंतराच्या तोंडावर गोल केला, आणि इंटरच्या अठरा वर्षांच्या मार्टिन्सनें शेवटच्या कांहीं मिनिटांत तो फेडला. सामना १-१. दोन्ही दिवसांची बेरीज सारखी. तरीही मिलान पुढें गेला व इंटर बाहेर पडला! कारण नियमच असा होता कीं, बेरीज सारखी झाल्यास परक्या मैदानावर ज्याचे गोल अधिक, तो विजयी. इंटर यजमान असतांना मिलाननें केलेला गोल पाहुण्याचा ठरला. मैदान तेंच, खांब तेच, गवतही तेंच. बदललें होतें तें केवळ यजमानाचें नांव.

हा नियम आपल्यालाच ठाऊक आहे, या अभिमानानें मी फुगून गेलों. दिवाळीच्या सुट्टींत आमच्या दोन आळ्यांचे दोन सामने ठरले. बक्षीस होतें एक पितळी तांब्या. मीं मोठ्या ऐटींत हा नियम सुचविला व तो सर्वांनीं मान्य केला. यजमानानें मैदानावर फक्की मारावी व पाण्याची घागर भरून ठेवावी, एवढाच काय तो यजमान व पाहुणा यांतील भेद. पहिल्या दिवशीं आम्ही यजमान. सामना १-१ झाला. दुसऱ्या दिवशीं ते यजमान. सामना २-२ झाला. बेरीज ३-३. परंतु पाहुणे म्हणून आमचे गोल दोन व त्यांचा एक. तेव्हां माझ्याच नियमानें आम्ही जिंकलों. गोल माझ्या पायानें झाले नव्हते, पण नियम माझ्या तोंडचा होता. म्हणून तांब्या माझ्या हातीं देण्यांत आला.

मामेभाऊ जवळ आला. तो रागावला नव्हता, पण म्हणाला, "आज आम्हीं घागर भरली, हाच काय तो आमचा दोष? ज्या खांबांत तुमचे गोल झाले, ते बांबू आमच्या अण्णांनींच रोवलेले. तुमच्यासाठींही आणि आमच्यासाठींही. तुम्ही इथं पाहुणे कधीं होतां रे?" मी निरुत्तर झालों. रात्रीं आईनें सारी हकीकत ऐकून घेतली व चुलीवरची नजर न काढतां एवढेंच विचारलें, "का रे, मामाच्या दारीं तूं पाहुणा केव्हांपासून झालास?" तो तांब्या कोनाड्यांत वर्षभर लखलखत होता; परंतु त्यांतून घोटभर पाणी पिण्याचा मला धीर झाला नाहीं.

नियम मुळांत वाईट होता असें मात्र कोणी समजूं नये. त्यापूर्वी बरोबरी सुटेना तर तिसरा सामना खेळवीत, आणि तोही बरोबरींत गेला तर नाणेफेक करीत. १९६५ सालीं लिव्हरपूल व कोलोन या संघांचे तिन्ही सामने बरोबरींत सुटले, तेव्हां रॉटरडॅम येथें कौल घेण्यांत आला. तोही पहिल्या खेपेस चिखलांत उभाच रुतला! शिवाय त्या काळीं दूरचा प्रवास, अनोळखी मैदान व परके प्रेक्षक यांमुळें पाहुणा संघ केवळ बचाव करून परत जाण्याची वाट पाही. त्यास धीर यावा, त्यानेंही चढाई करावी, म्हणून १९६५-६६ च्या हंगामांत हा नियम प्रथम लागू झाला. बुडापेस्टच्या होनव्हेड संघानें प्रागच्या डुकला संघास त्याच्या घरीं ३-२ असें हरविलें व स्वतःच्या घरीं १-२ अशी हार खाल्ली. बेरीज ४-४ होऊनही होनव्हेड पुढें गेला. परमुलखांत जाऊन केलेल्या तीन गोलांचें तें योग्य मोल होतें. सारांश, नियमाच्या पोटीं पाहुण्याच्या कष्टांची कदर होती. जेथें कष्टच नाहींत, तेथें त्या नियमाचें नुसतें टरफल उरतें. आणि तेंच टरफल मीं आमच्या माळावर आणून ठेविलें होतें.

पुढें शिक्षणानिमित्त मी कोल्हापुरास राहिलों. तेथें पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल-संघ आहेत. त्यांच्यांतील चुरस सर्वश्रुतच आहे. पण स्थानिक सामने सारे राजर्षि शाहू स्टेडियमवरच होतात. तेथें कोणी यजमान नाहीं व कोणी पाहुणाही नाहीं. बाद फेरींत बरोबरी झालीच तर पेनल्टीवर निकाल लागतो. तो तंटा कितीही रंगला तरी मैदान कोणा एकाचें होत नाहीं, हें तेथें पाहून मला आमचा माळ आठवे.

युरोपांतही अखेर विचार पालटला. घरच्या मैदानाचा लाभ पूर्वीइतका उरला नाहीं, उलट पाहुण्याच्या गोलाच्या धास्तीनें यजमानच चढाई करण्यास कचरतो, असें दिसून आल्यावर जून २०२१ मध्यें तेथील महासंघानें हा नियम रद्द केला. २०२३ सालीं तेच दोन संघ, त्याच फेरींत, त्याच सान सिरोवर पुन्हा भेटले. या वेळीं इंटर २-० व १-० असा दोन्ही सामन्यांत जिंकला.

आम्हीं मात्र तो नियम युरोपच्या आधींच रद्द केला होता. पुढील दिवाळीस मीं आपण होऊन उभें राहून सांगितलें कीं, बरोबरी झाल्यास दोन्ही संघांनीं पांच-पांच पेनल्टी माराव्यात. येथें कोणी पाहुणा नाहीं. बरोबरी झालीच, आणि पेनल्टींत आम्ही हरलों. तांब्या मीं स्वतः मामाच्या घरीं नेऊन दिला. मामीनें मला ओसरीवर बसूं दिलें नाहीं. सरळ आंत स्वयंपाकघरांत नेलें, मामेभावाशेजारीं पाट मांडला, आणि त्याच तांब्यानें माझ्या पेल्यांत पाणी ओतलें.