फॉल्स

२०२१ साल. लॉकडाउनमुळे माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष नाशिकच्या घरातच गेलं. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आई भाजी निवडत बसलेली.

कंपनीनं मला इथेरियमचा नोड उभा करायला सांगितलं होतं. तेव्हा नोड म्हणजे २०१५पासूनची सगळी साखळी इतरांकडून घेऊन स्वतः पडताळून पाहणारा सर्व्हर. त्यासाठीचं सॉफ्टवेअर गेथ. ते मागे गुपचूप चालू राहतं. त्याच्याशी बोलायचं असेल तर टर्मिनलमध्ये ‘गेथ अटॅच’ टाइप करायचं. एक बाण उमटतो. आपण जावास्क्रिप्टची एक ओळ लिहायची, की नोड उत्तर देतो.

मी लिहिलं, ‘ईटीएच डॉट सिंकिंग’. उत्तर आलं, ‘फॉल्स’.

सिंक चालू नाही, म्हणजे संपलं! इतक्या लवकर कसं, अशी शंका आली होती. पण टीममध्ये मीच सगळ्यात नवा. विचारलं आणि हसले तर? ग्रुपवर टाकलं, ‘नोड रेडी आहे.’ दोन-तीन अंगठे आले.

संध्याकाळी ॲप त्या नोडला जोडलं आणि लोकांना आपलं बॅलन्स शून्य दिसायला लागलं. एकाचा मेसेज अजून आठवतो: ‘मुलीच्या फीचे पैसे होते.’ माझे हात गार पडले.

सीनियरनं कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावली. ‘नेट डॉट पीअरकाउंट’: शून्य. ‘ईटीएच डॉट ब्लॉकनंबर’: शून्य. फायरवॉलमध्ये ३०३०३ पोर्ट आत-बाहेर दोन्हीकडून बंद होता. नोडला एकही सोबती सापडला नव्हता. सिंक सुरूच झालं नव्हतं. शून्याव्या ब्लॉकवर त्या माणसाचं खातं जन्मालाच आलेलं नव्हतं.

“संपलं का, हे तू विचारलंच नाहीस,” तो म्हणाला. “आत्ता चालू आहे का, एवढंच विचारलंस. त्यानं खरं ते सांगितलं.”

ॲप परत जुन्या नोडला जोडलं. आकडे दिसू लागले. पैसे कुठेच गेले नव्हते, ते साखळीवरच होते. पण त्या माणसाची ती वीस मिनिटं मी परत देऊ शकत नाही. तो ओरडला नाही, हे जास्त लागलं.

आता अटॅच केलं की मी तिन्ही प्रश्न विचारतो. परवा आमच्या ज्युनिअरनं लिहिलं, ‘नोड रेडी.’ मी फोन केला. “ब्लॉक नंबर किती?”

थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “बघतो. खरं तर मला एक शंका होती...”

“तीच आधी सांग,” मी म्हटलं.