विषय नको, प्रश्न आणा

एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली सिनॉप्सिसचा कच्चा कागद घेऊन येतात, तेव्हा त्यावरचं शीर्षक वाचायच्या आधीच मला पाठ असतं. 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजनबद्ध शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.' अमुकच्या जागी कधी बेडसोर येतो, कधी कॅथेटरमुळे होणारा लघवीचा संसर्ग, कधी व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया. बाकी वाक्य एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारशाने आलेलं. पुढचा आराखडाही ठरलेला: आधी प्रश्नपत्रिका, मग तासाभराचं व्याख्यान, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा. गुण वाढतात. उत्तरं सांगून झाल्यावर कुणाचे वाढत नाहीत? प्रबंध बांधून होतो, व्हायवा पार पडतो, आणि या सगळ्या काळात एकाही रुग्णाला कुशीवर वळवून त्याची पाठ कुणी पाहिलेली नसते.

मी पिंपरीत नर्सिंग शिकवते. संशोधनाची समस्या आणि संशोधनाचा हेतू, ही दोन वाक्यं मुलींकडून लिहून घेणं हा माझ्या कामातला सगळ्यात चिवट भाग. प्रबंधाची शेकडो पानं या दोन वाक्यांवर उभी राहतात. ती भोंगळ असतील, तर मागचं सारं संख्याशास्त्र कितीही नेटकं असो, हाती काही लागत नाही.

या मुली निवडतात त्या रुग्णालयातल्या संसर्गाच्या विषयाचं पिंपरीशी जुनं नातं आहे. भारतातला पेनिसिलिनचा पहिला कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पिंपरीत स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत वापरलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याआधीच, १९४५च्या नोबेल व्याख्यानात देऊन ठेवला होता. आज आयसीयूतल्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट हाती येतो, तेव्हा औषधांच्या नावांपुढे 'आर'ची रांग दिसते. म्हणजे रेझिस्टंट. घरून आणलेल्या आजारावर उपचार चालू असताना रुग्णालयात नवंच दुखणं जडलं, की ते बरं करायला आता पूर्वीइतकी औषधं हाताशी नाहीत. होऊच न देणं हाच मार्ग उरतो, आणि तो मार्ग बऱ्याच अंशी सिस्टरच्या हातून जातो. म्हणून हे संशोधन नर्सिंगचं आहे.

तर मुलगी येते आणि म्हणते, "मॅडम, माझा विषय बेडसोर." मी म्हणते, "हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?" विषय सगळ्यांचा असतो, प्रश्न एखाद्या वॉर्डाचा असतो. एका विद्यार्थिनीचा नवरा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. तिला मी सांगितलं, घरी जाऊन विचार, तुमच्याकडे रिजेक्शन आलं की कागदावर काय लिहिता? ती दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. कुठला पार्ट, कुठली मशीन, कुठली शिफ्ट, कधीपासून, शंभरात किती, आणि ड्रॉइंगमधल्या मापापेक्षा किती फरक. 'आपल्या कंपनीत दर्जाची समस्या आहे' असं लिहिणाऱ्याला सुपरवायझर उभा करणार नाही. मग आम्ही 'परिचारिकांमध्ये ज्ञानाचा अभाव आहे' असं लिहून पास कसे होतो? समस्येच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: काय व्हायला हवं, प्रत्यक्षात काय होतंय, आणि या दोहोंमधल्या अंतराबद्दल अजून काय माहीत नाही. तिसरी गोष्ट नसेल, तर ती तक्रार असते.

रुग्णालयात जडलेलं दुखणं म्हणजे नेमकं काय, इथेच पहिली गाठ बसते. दाखल होताना नसलेला, सुप्तावस्थेतही नसलेला, साधारण ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग रुग्णालयाचा मानतात. पुस्तकात हे सोपं आहे. आमच्या पट्ट्यात एखादा कामगार चाकण-तळेगाव रस्त्यावर अपघातात सापडतो. आधी जवळच्या छोट्या हॉस्पिटलात जातो, तिथून दुसरीकडे, पैसे संपले की पिंपरीच्या वायसीएममध्ये येतो. महापालिकेचं हे साडेसातशे खाटांचं रुग्णालय अशा कितीतरी प्रवासांचा शेवटचा थांबा असतं. कॅथेटर कुठे घातलं, ठाऊक नाही. माकडहाडावरची कातडी आधीच लाल होती की इथे झाली, लिहिलेलं नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने १ ऑक्टोबर २००८पासून अशा काही दुखण्यांचे जादा पैसे रुग्णालयांना देणं थांबवलं, तेव्हा दाखल होतानाच दुखणं होतं का, हे नोंदवणं तिथे अटळ झालं. आपल्याकडे ही नोंद भरवशाची नसेल, तर बेडसोरचा दर काढणारा प्रबंध वाळूवर उभा आहे. अशा वेळी मी मुलीला म्हणते, तुझा प्रश्न इथेच आहे. दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांत किती रुग्णांची पूर्ण त्वचा तपासून लिहिली जाते, एवढंच शोध. ती नाराज होते. तिला मोठं काहीतरी करायचं असतं. पण पायाच नसलेल्या जागी मजला चढवता येत नाही.

दुसरी गाठ छेदाची. "मॅडम, आमच्या आयसीयूत सहा जणांना लघवीचा संसर्ग झाला, शेजारच्या आयसीयूत तिघांनाच." ऐकायला समस्या स्पष्ट वाटते. पण पहिल्या आयसीयूत त्या काळात सगळ्या रुग्णांचे मिळून कॅथेटरचे १५०० दिवस भरले असतील आणि दुसरीत ४००, तर दर हजार कॅथेटर-दिवसांमागे पहिल्या ठिकाणी ४ संसर्ग झाले आणि दुसऱ्या ठिकाणी साडेसात. चिंता शेजारच्यांनी करायची आहे! रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना कॅथेटर आहे, एवढं मोजलं की हा छेद तयार होतो. काम दोन मिनिटांचं आहे, पण नाइटच्या गडबडीत ते सुटतं. संशोधनाची समस्या लिहायला बसलेल्या मुलीला मी आधी तीन आठवडे हे मोजायला लावते. मोजता मोजता तिच्या लक्षात येतं, की निम्म्या कॅथेटरांचं कारण फाइलमध्ये सापडत नाही. प्रश्न तिथे बसलेला असतो, ग्रंथालयात नसतो.

तिसरी गाठ सगळ्यात नाजूक. समस्येच्या वाक्यात कारण आधीच लिहून टाकायचं नाही. 'परिचारिकांच्या दुर्लक्षामुळे बेडसोरचं प्रमाण वाढत आहे' हा निकाल झाला. निकाल लागलेल्या खटल्याची चौकशी कोण करणार? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये बेडसोरचं खापर आजारावर न फोडता शुश्रूषेवर फोडलं, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पण त्याच पुस्तकात त्यांनी हेही बजावलं आहे की दोष दरवेळी परिचारिकेचा नसतो. वाईट इमारत आणि वाईट कारभार असेल तर शुश्रूषा करणंच अशक्य होतं. हा अर्धा भाग व्यवस्थापनाच्या सोयीने विसरला जातो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं, त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने धागा मागे नेला, तेव्हा तो खरेदी, तपासणी, परवाने असा वरपर्यंत गेला. वॉर्डात औषध देणाऱ्या हातापाशी चौकशी थांबली असती, तर बाटलीत काय आहे हे कुणी विचारलंच नसतं. म्हणून समस्या लिहिताना मी 'मुळे' या शब्दावर लाल रेघ मारते. 'मुळे' हे प्रबंधाच्या शेवटी कमवायचं असतं.

कारण न ठरवता प्रश्न कसा उभा करावा, याचा धडा इग्नाझ सेमेलवाइस यांनी घालून दिला. व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बायका दिवसाआड इकडे किंवा तिकडे दाखल होत, म्हणजे त्या एकाच शहरातल्या, एकाच थरातल्या. तरी पहिल्या कक्षात प्रसूतिज्वराने दहा टक्क्यांच्या आसपास मृत्यू, दुसऱ्यात चारच्या आत. हवा, गर्दी, आहार, धर्मगुरूची घंटा, एकेक कारण त्यांनी तपासून बाजूला ठेवलं. १८४७ साली शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्यांचे सहकारी कोलेट्श्का वारले, त्यांच्या शरीरात त्या बायकांसारखेच बदल दिसले, तेव्हा शवगृहातून येणारे हात संशयाच्या घेऱ्यात आले. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सुरू झालं आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यू उन्हाळ्यात दोनच्या आसपास उतरले. दोन कक्षांतला फरक ही त्यांची समस्या होती. तो फरक त्यांनी डोळ्यांआड होऊ दिला नाही.

समस्या बसली की हेतूचं वाक्य येतं. त्यात सगळा जीव क्रियापदात असतो. 'वर्णन करणे' लिहिलं तर मोजून मांडायचं. 'तुलना करणे' लिहिलं तर दोन गट हवेत, आणि ते तुलनेला पात्र हवेत. 'परिणाम तपासणे' लिहिलं तर आधीचं आणि नंतरचं, शक्य असेल तर नियंत्रण गटही हवा. 'समजून घेणे' लिहिलं तर माणसांशी बसून बोलायचं, प्रश्नपत्रिका वाटायची नाही. क्रियापद हा शब्द दिलेला असतो. एथिक्स कमिटीला, रुग्णाला आणि स्वतःलाही. एका विद्यार्थिनीचा 'बेडसोर' घासूनपुसून शेवटी कॅथेटरवर आला, तिची दोन वाक्यं अशी झाली. समस्या: कॅथेटर गरजेपुरतंच ठेवावं हे सर्वमान्य असताना आमच्या मेडिसिन आयसीयूत ते ठेवण्याचं रोजचं कारण नोंदलं जात नाही, आणि ती नोंद सुरू केल्याने कॅथेटर लवकर निघतं का, हे इथे तपासलेलं नाही. हेतू: सकाळच्या राउंडला सिस्टरने कॅथेटरचं कारण विचारून लिहिण्याची पद्धत सुरू केल्यावर कॅथेटर-दिवस आणि संसर्गाचा दर बदलतो का, हे आधीच्या व नंतरच्या सहा-सहा महिन्यांची तुलना करून तपासणे. यात अलंकार नाहीत. पण हा कागद वाचून उद्या दुसरी कुणीही कामाला लागू शकते.

प्रश्न असा छोटा केला की मुलींना तो क्षुल्लक वाटतो. त्यांना मी मिशिगनचं उदाहरण देते. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन टाकताना पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्झिडिनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, नको असलेली लाइन काढणं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. रक्तातल्या संसर्गाचा दर १८ महिन्यांत ६६ टक्क्यांपर्यंत घटला होता. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

एक इशाराही देऊन ठेवते. मोजायला सुरुवात केली की पहिल्या काही महिन्यांत संसर्ग वाढलेले दिसतात, कारण आधी ते कुणी लिहीतच नव्हतं. प्रशासन घाबरतं, सिस्टर आकडे लपवू लागतात. म्हणून हेतूच्या वाक्यात व्यक्तीचं नाव, वॉर्डाची बदनामी येणार नाही, हे आधीच वॉर्डात जाऊन सांगावं लागतं. दोष काढायला आलो नाही, हे पटलं तरच खरी नोंद मिळते.

परदेशी मार्गदर्शक सूचनांत नसलेला एक प्रश्न मात्र आमच्या पट्ट्यात रोज दिसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं शिकवतो आम्ही. सरकारी वॉर्डात रात्री ती बदलतं कोण? सिस्टरच्या वाट्याला इतके रुग्ण असतात, की बहुतेक वेळा ती बदलते रुग्णाची बायको, आई, नाहीतर भाऊ. आणि भोसरी-चाकणला कंत्राटावर आलेल्या लातूरच्या किंवा बिहारच्या पोराजवळ रात्री कुणीच नसतं. रूमवरचा मित्र फर्स्ट शिफ्टला जायचं म्हणून झोपायला निघून गेलेला. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मापनपट्टीत संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार, घर्षण सगळं आहे. १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका. पण 'रात्री जवळ माणूस आहे का' हा रकाना नाही. एकट्या असलेल्या रुग्णांना बेडसोर जास्त होतो का? सोबतच्या नातेवाइकाला वळवण्याची रीत दाखवली तर फरक पडतो का? हे प्रश्न अमेरिकेतून आयात होणार नाहीत. ते इथल्याच कुणीतरी, इथल्याच वॉर्डात उभं राहून लिहायचे आहेत.

तेव्हा यंदा सिनॉप्सिस लिहायला बसणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या गाइडांना एवढंच सांगणं आहे. शीर्षकाला हात घालण्याआधी एक नाइट ड्यूटी वही-पेन्सिल घेऊन वॉर्डात काढा. किती कॅथेटर आहेत मोजा, किती पाठी पाहिल्या गेल्या मोजा, कुणाजवळ कुणी नाही ते लिहा. आणि ज्ञानाची चाचणी घेणारा आणखी एक प्रबंध आता पुरे झाला. परिचारिकांना काय माहीत आहे ते आपल्याला पुरेसं कळलेलं आहे. रुग्णाचं काय होतं ते शोधा.